मोटारगाडीचे संरक्षक लेप

मोटारगाडीचा पोलादी सांगाडा गंजू नये व तिचा रंग ऊन, पाऊस आणि धूळ यांनी खराब होऊ नये म्हणून देण्यात येणारे थर. कारखान्यात दिलेले मूळ थर आणि गाडी घेतल्यानंतर वरून दिलेले थर हे दोन निराळे प्रकार होत. लेपांच्या टिकाऊपणाविषयीचे बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्याने होतात.

कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटाचा संस्कार करतात. नंतर सांगाडा अस्तररंगाच्या कुंडात बुडवून विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने एपॉक्सी रेझिनाचा सु. २० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = ०·००१ मिमी.) जाडीचा थर त्यावर बसवितात. सांगाड्याला ऋणाग्र करून अस्तर देण्याची रीत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली व गंजरोधाच्या दृष्टीने ती निर्णायक ठरली. अस्तरावर भरणरंग, मुख्य रंग व पारदर्शक लेप येतात. सर्वांची मिळून जाडी सु. ०·१ मिमी., म्हणजे साध्या कागदाएवढी भरते.

या थरांची खरी कसोटी सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या किनारी प्रदेशात लागते. मालवण, वेंगुर्ले, देवगड येथे फुटणाऱ्या लाटांचे खारे तुषार वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ ओलावा शोषून विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही पाझरते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर विद्युत् वाहक द्रवाचा पातळ पापुद्रा राहतो आणि रंगाला जेथे चीर असेल तेथे पोलादाचे संक्षारण चालू होते. किनाऱ्यापासून आत जावे तसे हवेतील मीठ झपाट्याने घटते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सिंधुदुर्गनगरी (ओरोस) समुद्रापासून सरळ रेषेत सु. २५ किमी. आत आहे. म्हणून तेथे राहणाऱ्या गाडीला मालवणच्या बंदराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीपेक्षा मिठाचा उपद्रव कमी होतो. पावसाळी दमटपणा व जांभ्या मातीचा चिखल मात्र दोन्हीकडे सारखाच.

कोकणातला मुसळधार पाऊस छपरावरचे व बॉनेटवरचे मीठ धुऊन काढतो. चाकांवरील कमानी, दारांच्या खालच्या कडा, पत्र्याचे दुमडलेले सांधे अशा आडोशाच्या जागी ते चिखलासह साचून राहते. गंज तेथे आतून धरतो. रंगाला फोड आलेला दिसतो, तोवर पत्रा बहुधा आरपार खाल्ला गेलेला असतो.

वरून दिल्या जाणाऱ्या लेपांपैकी मेणाचा लेप येथील पावसात फार तर एकदोन महिने टिकतो. अलीकडे ‘सिरॅमिक’ या नावाने मिळणारा लेप सिलिकायुक्त असून त्याची जाडी एकदोन मायक्रोमीटर इतकीच असते. त्यावर पाणी थांबत नाही. पक्ष्यांची विष्ठा व आंब्याचा चीक वेळीच धुतल्यास रंगाला डाग पडत नाही. चकाकी एक ते तीन वर्षे टिकते. त्याच्या जाहिरातीतील ‘९ एच’ ही कठिनता पेन्सिलींच्या शिशांच्या मापश्रेणीवरील आहे, खनिजांच्या नव्हे. खडीच्या माऱ्यापुढे ती निरुपयोगी ठरते. ते काम पॉलियुरेथेनाची ०·१५ ते ०·२० मिमी. जाडीची पारदर्शक फिल्म करते, परंतु तिचा खर्च बराच अधिक येतो. या दोहोंपैकी कोणताही लेप सांध्यांच्या आत पोहोचत नाही. तेव्हा किनाऱ्यावरील गाडी गंजू नये म्हणून सिरॅमिक लेपावर केलेला खर्च अस्थानी होय.

पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत आहे. याच तेलापासून बनविलेली दृढीकारके आज जहाजांच्या एपॉक्सी रंगांत वापरतात. मोटारगाडीच्या बाबतीतही तळाकडे व पोकळ भागांकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. पोकळ भागांत फवारलेले मेण पाझरून सांध्यांत शिरते. तळावरील डांबरी लेप मात्र तडकल्यास त्यामागे खारे पाणी अडकते व गंज उलट वाढतो. म्हणून दरवर्षी पावसाळ्यानंतर तो तपासावा लागतो. तळ गोड्या पाण्याने धुणे, दारांच्या खालची निचऱ्याची भोके मोकळी ठेवणे आणि खरचटलेल्या जागी लगेच रंग लावणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. किनाऱ्यावरील जुनी गाडी घेताना जाणकार गिऱ्हाईक बॉनेटच्या चकाकीकडे फारसे पाहत नाही. सतरंजी उचलून तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहतो.