पाठीवरचे ओझे आणि घरची शिलाई

लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाचे सामान घरी तयार करण्यामागे काटकसर असतेच, परंतु खरा प्रश्न वजनाचा असतो. कारण बाजारातील वस्तू नाना हवामानांचा आणि नाना गिऱ्हाइकांचा विचार करून बनवलेली असते, तर घरी शिवणाऱ्याला आपल्या वाटेपुरतेच पाहावे लागते. अमेरिकेत जॉर्जियापासून मेन राज्यापर्यंत जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन पायवाट १९५५ साली एमा गेटवुड यांनी वयाच्या ६७व्या वर्षी एकट्याने पार केली, तेव्हा त्यांच्याजवळ ना तंबू होता ना झोपपिशवी. सामान घरी शिवलेल्या डेनिमच्या झोळीत होते आणि पावसाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा पुरत होता.

या काटछाटीला पद्धतशीर रूप दिले ते रे जार्डिन यांनी. पूर्वी अवकाश-उद्योगात अभियंता असलेल्या या गिर्यारोहकाने तंबूऐवजी उघडे कापडी छत आणि झोपपिशवीऐवजी दुलई स्वतः शिवून वापरली. दुलईमागचा तर्क असा की ऊब पिसांमुळे किंवा धाग्यांमुळे नव्हे, तर त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे टिकते. अंगाखाली दबलेल्या थरात ती हवा उरतच नाही, म्हणून झोपपिशवीची खालची बाजू गाळली तरी फारसे बिघडत नाही, आणि जमिनीचा गारवा अडवण्याचे काम फोमच्या चटईकडे सोपवता येते. उघड्या छताखाली श्वासाची वाफ कमी साठते हे खरे, पण डासांना आणि तिरप्या पावसालाही तिथे मज्जाव नसतो, हे त्याचे पुरस्कर्ते जरा हळू आवाजात सांगतात.

शीतपेयाच्या रिकाम्या डब्यांपासून बनवलेली स्पिरिटची चूल जवळजवळ बिनवजनी असते. मात्र तिची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे वणव्याचे भय असलेल्या प्रदेशांत ती वापरणे धोक्याचे ठरते.

खाद्यपदार्थांत सर्वांत जड घटक पाणी असल्यामुळे भात किंवा राजमा घरी पूर्ण शिजवून, पातळ पसरून वाळवतात. शिजताना पिष्टाची रचना आधीच सैल झालेली असल्याने पुढे गरम पाण्यात थोडा वेळ भिजवणे पुरते आणि इंधन वाचते. पोहे झटपट भिजतात तेही याच कारणाने. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून ४. तरीही तेलकट पदार्थ वाळवून ठेवला तर खवट होतो, म्हणून जेवण कोरडे वाळवून तेल वेगळ्या बाटलीत न्यावे आणि वाढताना त्यात ओतावे, हे उत्तम.