पोटातली डबल बेल

अकलूजच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, की कुणीतरी हमखास पिशवी शेजाऱ्याच्या हवाली करून शौचालयाकडे पळतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. म्हणून घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ!’ इतकं सोपं नाही ते.

यामागे सेरोटोनिन हे इशारे पोहोचवणारं रसायन असू शकतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. १९३०च्या दशकात इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना ते सापडलं, तेही पोटातच. अन्नाचा दाब आतड्याच्या भिंतीवर आला, की अस्तरातल्या खास पेशी ते सोडतात. कंडक्टरने डबल बेल द्यावी तसा मज्जातंतूंना इशारा जातो: चला पुढे! मग अस्तर ते परत शोषून घेतं. तपासण्या नॉर्मल असूनही पोट बिघडवणाऱ्या ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’च्या काही रुग्णांत बेल वाजतच राहते, जुलाब होतात, काहींत ती पुरेशी वाजतच नाही, पोट साफ होत नाही.

म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असं नाही. उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन हा इशारा अडवतं. जुलाबवाल्यांना त्याने आराम पडू शकतो, बद्धकोष्ठवाल्यांची मात्र पंचाईत. त्यांच्यासाठी प्रुकालोप्राइडसारखं, इशारा वाढवणारं औषध असतं. शौचात रक्त किंवा घटतं वजन दिसलं, तर आधी डॉक्टर गाठा. तिथे दुखणं वेगळंही असू शकतं.