मुंबईहून माथेरान: एका दिवसाचा प्रवास

बंदराच्या दमट हवेतून सकाळी निघून रात्रीपर्यंत घरी परतू इच्छिणाऱ्या मुंबईकराला सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानइतके सुलभ गिरिस्थान क्वचितच लाभेल. ठाणे जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या पठारावर चढले, आणि इंग्रज अंमलदारांच्या दप्तरी त्याचा 'शोध' नोंदला गेला. ठाकर, कातकरी व धनगर यांना मात्र हे रान पूर्वीपासूनच परिचित होते, हे विसरता कामा नये. पीरभॉय कुटुंबाच्या द्रव्यबळावर व चिकाटीवर उभी राहिलेली, रुळांत अवघे दोन फूट अंतर असलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली.

वेळ मोजका असल्यास उत्तर टोकाच्या पॅनोरमा पॉइंटचा मोह आवरावा, कारण तेथील सूर्योदयाचे वैभव मुक्कामी प्रवाशासाठीच आहे; त्याऐवजी पश्चिम कड्यावरील लुइझा व पॉर्क्युपाइन ही स्थळे निवडावीत, जेथून समोर प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा आणि त्यामागे मावळता सूर्य दिसतो.

पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. तेव्हा मोटारीने दस्तुरी नाका गाठावा आणि पुढची तांबड्या मातीची वाट पायीच चालावी.