मनाचा आजार आणि उपचारास होणारा विलंब

बैल चारा खाईनासा झाला, तर शेतकरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठतो. परंतु घरातील माणूस महिना-महिना झोपेनासा, बोलेनासा झाला, तरी त्याला डॉक्टरांकडे नेणे लांबणीवर पडते. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळून आले.

विलंबाचे पहिले कारण म्हणजे आजार ओळखू येत नाही. डोकेदुखी, छातीतील धडधड, मंदावलेली भूक, अंगातील त्राण जाणे अशा तक्रारींच्या रूपाने उदासीनता प्रकट होते. घरची मंडळी तिला आळस समजतात. दुसरे कारण लोकलज्जा. लोक वेडा म्हणतील, मुलीचे लग्न अडेल, या भीतीने गोष्ट झाकून ठेवली जाते. तिसरे, देवऋषी व अंगारेधुपारे यांत काळ आणि पैसा खर्ची पडतो. चौथे, दवाखाना दूर असल्यास पेरणी-काढणीच्या दिवसांत एक रोज बुडविणेही जिवावर येते. शिवाय औषधांची सवय लागते, असा समज आहे. वस्तुतः उदासीनतेवरील नेहमीच्या औषधांचे व्यसन लागत नाही. गुण येण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती एकाएकी बंद करू नयेत.

अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलू लागल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास एकांतात, आपुलकीने, स्पष्ट विचारावे. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. त्यास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. पोलिसांच्या भीतीने कोणी गप्प राहू नये. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असेच २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सामान्यतः गृहीत धरतो व तिला शिक्षेपासून संरक्षण देतो.

पहिल्या भेटीस रोगी एकटा जावयास धजत नाही. त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाणे, हीच शेजाऱ्याची व कार्यकर्त्याची खरी मदत होय.