ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

जळगाव-धुळ्याकडे आजही अनेक जुने ट्रॅक्टर सकाळी धक्का मारूनच सुरू होतात. दोष बॅटरीचाच असेल असं नाही. जुन्या ट्रॅक्टरवर डायनामो असतो. इंजिन मंद चालत असेल तर तो जेमतेमच चार्ज करतो. केळी भरेपर्यंत दिवे लावून उभा राहिलेला ट्रॅक्टर म्हणूनच बॅटरी खातो. अल्टरनेटर मंद वेगातही चार्ज करतो.

मीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. रेस वाढवल्यावर आकडा १४ च्या जवळ गेला नाही, तर आधी पट्टा आणि वायर बघा.

अल्टरनेटर बसवताय? मिनी ट्रॅक्टरचा मोठ्याला पुरेलच असं नाही, अँपिअर बघूनच घ्या. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ सवय सोडा; अल्टरनेटरचे डायोड त्यानेच जळतात.