मुलांना थोडा कंटाळा येऊ द्या

सुट्टी लागली की गोडादऱ्यातल्या आपल्या घराघरांत मुलांचे एकच पालुपद सुरू होते, "कंटाळा आला!" आणि आपण लगेच हातात मोबाईल देतो. पण कंटाळा हा आजार नाही. बाहेरून काही मिळेनासे झाले की मन स्वतःच काहीतरी शोधू लागते.

ब्रिटनमधल्या सॅन्डी मान आणि रिबेका कॅडमन यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही जणांना आधी टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले. नंतर थर्माकोलच्या कपांचे उपयोग विचारले, तेव्हा त्यांना इतरांपेक्षा जास्त सुचले.

आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात तेच ते काम करताना त्यांना गाणी सुचली. घरच्यांनी ती उतरवून घेतली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघाले. हात कामात, मन मोकळे!

यंदा गावी जाताना उधन्याहून निदान नंदुरबारपर्यंत मोबाईल पिशवीतच ठेवूया, मोठ्यांनीसुद्धा. मुलांना खिडकी द्या. आधी कुरकुर होईल. मग प्रश्न, गोष्टी, भेंड्या आपोआप सुरू होतील.