पातळी तेरावी

डेबियन ही १९९३ पासून चालत आलेली लिनक्सची वितरणप्रणाली. तिच्यातले प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून बांधले जाते आणि ते सांभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. बांधणीचा रगाडा उपसणारे त्यांचे अवजार म्हणजे डेबहेल्पर. पूर्वी बांधणीच्या नियमांची फाइल लांबलचक असे. २००८ मध्ये ‘डीएच’ ही आज्ञा आली आणि साध्या पॅकेजांचे काम तीन-चार ओळींत भागू लागले.

पण अवजार बदलले की त्यावर विसंबलेली हजारो पॅकेजे मोडत कशी नाहीत? त्यासाठी डेबहेल्परमध्ये ‘सुसंगती पातळी’ असते. मला अमुक पातळीचे वागणे हवे, हे पॅकेज स्वतःच सांगते. जुनी पातळी मागितली, तर वागणे जुनेच राहते. दहाव्या पातळीपासून, शक्य तिथे, प्रोसेसरचे अनेक कोअर एकाच वेळी कामाला लागतात. तेराव्या पातळीत, तयार झालेली एखादी फाइल कोणत्याच पॅकेजात गेली नाही, तर बांधणी तिथेच थांबते. बाराव्या पातळीत नुसती सूचना यायची, आणि सूचना वाचतो कोण! माझ्या मते हाच सगळ्यांत मोलाचा बदल.

घाई मात्र नडते. तेरावी पातळी मागणारे पॅकेज डेबियनच्या जुन्या आवृत्तीवर बांधायचे, तर तिथेही तेवढा नवा डेबहेल्पर लागतो. शिवाय पातळी वाढवल्यावर जुन्या-नव्या पॅकेजांतल्या फाइली ताडून पाहाव्या लागतात. त्यासाठी ‘डेबडिफ’ आहे.